अजून वाचता न येणाऱ्या मुलांसाठी पटावरचे खेळ: काय घ्यावं, कसं निवडावं?

रंकाळावेस (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत राहतो. घरात माझी सव्वाचार वर्षांची लेक आणि थोरल्या जावेचा सहा वर्षांचा मुलगा. बारा दिवस झाले, पाऊस उघडायचं नाव घेत नाही. पंचगंगा पात्राबाहेर आहे, अंगणात पाणी, रंकाळ्यावरची संध्याकाळची फेरी बंद. मुलांच्या हातात मोबाईल द्यायचा नाही हे आम्ही दोघी जावांनी ठरवलंय आणि आजवर पाळलंय. पण मग दिवसभर करायचं काय?

गेल्या आठवड्यात एक खेळ ऑनलाइन मागवला. खोक्यावर ठळक अक्षरात 'वय ४ पासून पुढे'. उघडला तर पन्नासेक कार्डं आणि प्रत्येकावर इंग्रजीत दोन-दोन ओळींची सूचना. लेक कार्ड उचलायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची, "आई, काय लिहिलंय?" मी वाचायचं, मराठीत सांगायचं, मग तिनं करायचं. चौथ्या कार्डाला ती म्हणाली, "आई, तूच खेळ." आणि उठून गेली. ते शब्द अजून माझ्या मनातून जात नाहीत. तिला खेळायचं होतं हो, पण सगळा खेळ माझ्याच हातात होता.

मग माळ्यावरची सापशिडी काढली. ती दहापर्यंत नीट गेली. अकरा वरच्या ओळीत, आणि तिथून उलट्या दिशेनं चालायचं, हे काही तिला उमगेना. प्रत्येक ओळीच्या टोकाला भावाशी भांडण. शेवटी नव्वदीच्या घरात सापानं गिळलं तेव्हा जी रडायला लागली ती जेवणापर्यंत.

मला असे खेळ हवेत ज्यात अक्षर लागत नाही. दोन्ही मुलांना एकत्र खेळता यावेत, आणि सासूबाईंनाही, कारण दुपारी मुलांजवळ त्याच असतात आणि बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. पाच-सहाशे रुपयांच्या वर जायचं नाहीये. घरी करता येण्यासारखं असेल तर तेही सांगा. कुणी खेळून बघितलेलं असेल तेच सांगा, एवढीच विनंती.

सोंगटी (राजारामपुरी)

ताई, तुमच्या लेकीनं अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. आमच्या दोन्ही मुलांना वाचता येत नव्हतं तेव्हापासून आम्ही रोज रात्री जेवणानंतर काही ना काही खेळतो. त्या सात-आठ वर्षांत मी एक शिकलो. खोक्यावरचा वयाचा आकडा मी आता बघतच नाही. खेळ मांडून बघतो आणि स्वतःला विचारतो: मी उठून स्वयंपाकघरात गेलो तर पटाकडं नुसतं बघून पोराला कळेल का, की पाळी कुणाची आहे, आता काय करायचंय आणि कोण जिंकत आलंय? या तिन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत असतील तर तो खेळ त्याचा. एक जरी माझ्या तोंडून ऐकावी लागत असेल तर तो माझा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जर्मनीतल्या 'हाबा' कंपनीचा फळबागेचा खेळ. मूळ खेळ १९८६ चा, आणि त्याची दोन वर्षांच्या मुलांसाठीची सोपी आवृत्ती २००९ ची. या सोप्या आवृत्तीत चार झाडं, प्रत्येकावर चार लाकडी फळं: लाल सफरचंद, हिरवं सफरचंद, पिवळं नासपती, निळं आलुबुखार. फाशाच्या चार बाजूंना हेच चार रंग, पाचव्या बाजूला टोपली, सहाव्या बाजूला कावळा. रंग पडला तर त्या रंगाचं फळ तोडून टोपलीत टाकायचं. टोपली पडली तर हवं ते फळ घ्यायचं. कावळा पडला तर कावळा बागेच्या दिशेनं एक घर पुढं. कावळा बागेत शिरायच्या आत सगळी फळं टोपलीत आली तर सगळे जिंकले, नाहीतर कावळा जिंकला. बस्स. यात वाचायचं काही नाही, मोजायचंही काही नाही. किती फळं उरलीत आणि कावळा किती जवळ आलाय हे दोन वर्षांच्या पोरालाही दिसतं. आणि माणसं एकमेकांविरुद्ध नसल्यामुळं एकट्यानं हरायची वेळ येत नाही.

विकत घ्यायचा तर तुमच्या बजेटच्या बराच वर जातो. पण घरी करता येतो. आम्ही आधी घरीच केला होता, विकतचा नंतर आला. पाहिजे असेल तर लिहितो कसा केला ते.

रंकाळावेस (धागाकर्ती)

लिहाच दादा. सविस्तर लिहा.

सोंगटी (राजारामपुरी)

माझं आजोळ राधानगरीकडचं. तिकडं दाजीपूरच्या जंगलातला गवा शेतात उतरतो हे पोरांनी ऐकलेलं होतं, एकदा रस्त्याकडेला लांबून बघितलंही होतं. म्हणून आमच्या खेळात कावळ्याऐवजी गवा आला आणि बागेऐवजी शेत.

जुन्या लग्नपत्रिका घ्या. तो पुठ्ठा पत्त्याच्या पानापेक्षा जाड असतो, पोरांच्या हातात मुडपत नाही. त्यातून चौकोन कापा, चार-चार सेंटिमीटरचे तरी हवेत. चार ऊस, चार मिरच्या, चार मक्याची कणसं, चार वांगी. चित्रं पोरांकडूनच काढून घ्या. आमच्या थोरल्यानं काढलेलं वांगं फुग्यासारखं झालं होतं, पण ते त्याचं वांगं होतं, त्यामुळं ते कधी हरवलं नाही. फाशासाठी सुताराकडून दीड-दोन इंचाचा लाकडी ठोकळा कापून आणला, पॉलिश कागदानं कडा घासल्या आणि सहा बाजूंना ऊस, मिरची, मका, वांगं, बैलगाडी आणि गवा अशी चित्रं चिकटवली. बैलगाडी म्हणजे टोपली, हवं ते पीक उचला. गव्यासाठी पाच घरांची पायवाट, पाचव्या घराच्या पुढं शेत.

एक अनुभव सांगतो. पहिल्या आठवड्यात पायवाट सात घरांची करा. फाशावर सहात एकच बाजू गव्याची, त्यामुळं वाट दोन घरांनी वाढली की जिंकणं बरंच सोपं होतं. पोरं सारखी जिंकायला लागली की एक घर काढून घ्या. आमच्याकडं धाकट्यानंच एके दिवशी आपणहून घर काढलं, "आता गव्याला जवळनं येऊ दे" म्हणाला.

जास्वंद

धागा छान आहे. एक काळजीची गोष्ट मध्येच सांगते. घरात तीन वर्षांखालचं बाळ असेल तर छोट्या वस्तूंचे खेळ त्याच्या हाताला लागू देऊ नका. खेळण्यांच्या तपासणीत एक नळकांडं वापरतात, त्याचा व्यास साधारण ३.२ सेंटिमीटर. त्यात जे मावतं ते लहान बाळाच्या घशात अडकू शकतं असं धरतात. चिंचोका, कवडी, मणी, ल्युडोची सोंगटी, सगळं त्यात मावतं. माझ्या धाकट्यानं चौदाव्या महिन्यात ल्युडोची पिवळी सोंगटी तोंडात घातली होती. गालातून बोटानं काढली तेव्हा माझे हात थरथरत होते.

बटण सेल आणि छोटी लोहचुंबकं असलेला खेळ तर लहान मुलांच्या घरात नकोच. आणि विकत घेताना आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे. हस्तकला विभागाकडं नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांवर खूण दिसली नाही तर लगेच बिचकू नका. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग उतरतो का ते मात्र बघून घ्या.

गंगावेस_तालीम

एवढं सगळं कापाकापी करायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की वो. सासूबाई हायत न्हवं घरात? त्यांना विचारा, चल्लस-आठ येतं का. शंभर टक्के येत असणार.

आमच्या आज्जीनं आम्हा सात नातवंडांना त्याच्यावर वाढवलं. शहाबादी फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखायची, पंचवीस. चारी बाजूंच्या मधल्या घरात आणि पार मधल्या घरात फुली. चार चिंचोके घ्यायचे, एका अंगानं खरबरीत दगडावर घासत बसायचं, आतला पांढरा गर दिसंपर्यंत. एक अंग पांढरं, एक अंग तपकिरी. झालं दान! एक पांढरा पडला की एक घर, दोन पडले की दोन, तीनला तीन. चारी पांढरे पडले की चार, चारी तपकिरी पडले की आठ, आणि चारला नि आठला परत दान. आता बघा, ह्यात वाचायचं काय हाय? बारकं पोरगं नुसतं पांढरे मोजतंय. एक, दोन, तीन. तीनच्या वर मोजायचं कामच क्वचित पडतंय.

सव्वाचार वर्षांच्या पोरीला सगळा डाव देऊ नका. पहिलं नुसतं भाईरचं रिंगाण घ्या, सोळा घरं. एकीला एकच सोंगटी. मारामारी न्हाई. सोळा घरं फिरून आपल्या फुलीवर आली की जिंकली. महिन्यानं आतलं रिंगाण, मग मारणं, मग चार सोंगट्या. आज्जीनं आमास्नी असंच शिकवलं.

एकच सांगतो, चिंचोके घासायचं काम पोरांनाच द्या. पावसाची एक अख्खी दुपार त्यातच जातीय.

बालवाडीताई (कसबा बावडा)

तालीमदादा, तुम्ही लिहिलेलं वाचून मला फार आनंद झाला. मी बावीस वर्षं बालवाडी घेते, आणि तुमच्या आजींनी जे केलं तेच मी आमच्या नव्या सेविकांना सांगत असते: डाव पूर्ण द्यायचा नाही, वाढवत न्यायचा.

रंकाळावेसताई, तुमच्या सापशिडीबद्दल लिहिते, कारण ते रडणं मी दरवर्षी बघते. दोष मुलीचा नाही, पटाचा आहे. चार वर्षांच्या मुलाला 'पुढे' म्हणजे एकाच दिशेनं पुढे. सापशिडीचा रस्ता दर दहा घरांना उलटा फिरतो, शंभरपर्यंतचे आकडे येतात, आणि पुढे आलेलं मूल काही न चुकता मागं फेकलं जातं. तिन्ही गोष्टी एकदम. सहा-साडेसहा वर्षांची झाली की हाच पट मुलं आवडीनं खेळतात. तोवर मी वर्गात एक सरळ पट्टी आखते, एका ओळीत दहा घरं, डावीकडून उजवीकडं, १ ते १०. लाकडी ठोकळ्याच्या तीन बाजूंवर एक ठिपका आणि तीन बाजूंवर दोन ठिपके. बाकी काही नाही.

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेत गीता रमणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ साली बालवाडीच्या वयाच्या, गरीब घरांतल्या मुलांबरोबर हाच प्रयोग केला होता. १ ते १० ची सरळ पट्टी, एक नाहीतर दोन घरं पुढं जायचं, पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, दोन आठवड्यांत. एवढ्यानं त्या मुलांची आकड्यांची समज सुधारली आणि नऊ आठवड्यांनी पाहिलं तरी टिकून होती. ज्यांच्या पट्टीवर आकड्यांऐवजी नुसते रंग होते त्या मुलांमध्ये हा फरक पडला नाही.

यात एक बारकावा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. मूल पाचव्या घरात उभं आहे आणि फाशावर दोन ठिपके पडले. बहुतेक घरांत आपण त्याच्याबरोबर मोजतो, "एक, दोन." तसं नाही मोजायचं. घरावरचा आकडा म्हणायचा: "सहा, सात." सोंगटी सरकते तेव्हा बोट सहावर, तोंडात सहा, मग बोट सातवर, तोंडात सात. मला स्वतःला ही सवय लागायला वर्ष लागलं, कारण जीभ आपोआप 'एक' म्हणते. पण एकदा मूल असं म्हणायला लागलं की महिन्याभरात ते तुम्हाला विचारतं, "मी सातवर आहे, मला दहाला किती पाहिजेत?" ते विचारतं तेव्हा त्याच्या बोटांकडं बघा, हवेत चालत असतात.

आकडा ओळखता येत नसला तरी चालतो. तो रोज त्याच जागी दिसतो, त्याच नावानं ऐकू येतो, मग ओळखीचा होतो. तुमच्याकडं शहाबादी फरशी असेल तर दहा फरश्या आणि एक खडू एवढंच साहित्य लागेल, मुलगीच सोंगटी होईल.

सामानाला पैसे लागतात असं मी पहिल्यापासूनच मानत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डीला आणि कोसबाडला शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांवर बालवाडी उभी केली. आता सरकारनंही २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला, त्यातही खेळणी, कोडी, चित्रकार्डं यांवरच भर आहे. चांगलंच झालं. पण पिटारा येईपर्यंत थांबायचं कारण नाही.

पेठेतली_आत्या

पत्ते कुणी कसे सुचवले नाहीत? गुलामचोर! एक गुलाम काढून ठेवायचा, पानं वाटायची, हातातल्या जोड्या टाकायच्या आणि शेजारच्याच्या हातातलं एक पान न बघता ओढायचं. शेवटी ज्याच्याकडं एकटा गुलाम राहील तो चोर. पान वाचायचं नसतं, सारखं दिसतंय का एवढंच बघायचं असतं. चार वर्षांच्या मुलीसाठी एक्का ते पंजी आणि चित्राची पानं एवढीच ठेवा.

मुलांच्या हातात पंख्यासारखी पानं राहत नाहीत, ती सांडतात आणि मग चिडचिड होते. चपलेच्या खोक्याच्या झाकणाला लांब चीर पाडून द्या. पानं त्यात उभी राहतात, समोरच्याला दिसत नाहीत.

शाहूपुरीकर

+१ गुलामचोर. आणि त्याआधी भिकार-सावकार. त्यात तर पान हातात धरायचंही नाही, गठ्ठा पालथा समोर असतो.

निवृत्त_मास्तर

मी एक वेगळी गोष्ट सांगणार आहे, कदाचित कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझा नातू साडेचार वर्षांचा असताना सूनबाईंनी त्याला तो फळबागेचाच खेळ आणला होता, वर सोंगटी यांनी लिहिलाय तो. नातू मोठ्या हौसेनं खेळायचा, पण फासा लाल पडला की कधी हिरवं सफरचंद तोडायचा, कधी लाल. नासपती आणि आलुबुखार कधी चुकायचा नाही. घरातल्यांना वाटलं, पोराचं लक्ष नाही. एक-दोनदा त्याला रागावलंही गेलं. मी तीन-चार दिवस शेजारी बसून बघत राहिलो. मग ध्यानात आलं की त्या खेळात नासपतीचा आकार वेगळा आहे, आलुबुखारचा वेगळा आहे, पण दोन्ही सफरचंदं एकाच आकाराची आहेत. फरक फक्त रंगाचा. पोराला तो दिसतच नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. लाल-हिरव्याचं रंगांधत्व निघालं. त्याची कारणं एक्स गुणसूत्रावर असतात, म्हणून मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसतं, आणि ते आईकडून येतं. नंतर कळलं की सूनबाईंच्या वडिलांनाही आहे. त्यांनी जन्मभर कुणाला सांगितलं नव्हतं.

मला अजून वाईट वाटतं ते त्या रागावण्याचं. पोर आपल्या परीनं खरं तेच सांगत होतं.

म्हणून खेळ निवडताना एवढं बघा, की प्रत्येक रंगाबरोबर वेगळा आकार किंवा वेगळं चित्र आहे का. सोंगटी यांच्या ऊस-मिरची-मका-वांग्यात ते आपसूक झालंय, ऊस आणि मिरची यांची कुणाची गल्लत होणार नाही. आणि मूल एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा चुकत असेल तर रागावण्याआधी चार दिवस शेजारी बसा.

सोंगटी (राजारामपुरी)

मास्तर, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आजच आमचा विकतचा डबा काढून हिरव्या सफरचंदांच्या पाठीवर कायम शाईच्या पेननं एकेक पान काढतो आणि फाशाच्या हिरव्या बाजूवरही. आमच्याकडं खेळायला शेजारची पाच-सहा मुलं येतात, त्यांतल्या कुणालाही लागू शकतं.

गंगावेस_तालीम

एक इच्यारू का? हे सगळे मिळून जिंकायचे खेळ ठीक हायत, पण पोरांनी हरायला कधी शिकायचं? हारल्यावर रडणारं पोरगं पुढं शाळेत, मैदानात काय करणार? आमच्या तालमीत पहिल्या दिवशी माती लागतीय पाठीला.

बालवाडीताई (कसबा बावडा)

दादा, तुमच्याच तालमीतलं उत्तर देते. वस्ताद कुस्ती लावतो तेव्हा जोड बघतो की नाही? चाळीस किलोच्या पोरापुढं सत्तर किलोचा गडी कुणी उभा करत नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात तसं झालं तर प्रेक्षकच उठून जातील.

चार वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या मुलाला बुद्धीच्या खेळात समोरासमोर बसवणं म्हणजे बेजोड कुस्ती. दर वेळी धाकटंच हरणार, आणि त्यातून ते हरायला शिकत नाही, खेळाला बसायचं नाही एवढंच शिकतं. जोड जमवायची. एक तर सगळे एका बाजूला, गवा दुसऱ्या बाजूला. नाहीतर नुसत्या नशिबाचा खेळ. तिसरा मार्ग म्हणजे जिथं लहान मूल खरोखर मोठ्याच्या तोडीला असतं तो खेळ. पालथ्या चित्रांच्या जोड्या शोधायचा खेळ तसाच असतो. सहा-आठ जोड्या पालथ्या मांडा, दोन-दोन उघडा, जमली तर ठेवा, नाही तर पुन्हा पालथी. माझ्या वर्गात चार वर्षांची मुलं मला हरवतात, आणि मी मुद्दाम हरत नाही.

मुद्दाम हरायचंही नाही, हे ठाम सांगते. मुलांना ते कळतं. त्यापेक्षा नियम हलका करावा आणि सर्वांदेखत करावा: "तू लहान आहेस म्हणून तू तीन चित्रं उघड, मी दोन." मग जिंकली तर तिचं जिंकणं खरं.

गंगावेस_तालीम

जोडीचं पटलं. मान्य ताई. माझा पुतण्या नि पुतणी रोज भांडालेत त्याचं कारण आत्ता कळलं मला. दोघांत तीन वर्षांचं अंतर हाय.

रंकाळावेस (धागाकर्ती)

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. पूर ओसरला, श्रावण लागला, ऊन-पाऊस चालू आहे. तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत तर काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

चल्लस-आठबद्दल सासूबाईंना विचारलं. त्या दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "कवड्या आहेत माझ्या, माहेरच्या." ट्रंकेच्या तळातून एक रेशमी बटवा निघाला, त्यात सात कवड्या. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, मला हा बटवा ठाऊक नव्हता. आता दुपारी जेवणं झाली की त्या स्वतः खडू घेऊन फरशीवर बसतात. गुडघे दुखतात म्हणून पाटावर बसतात. सोळा घरांचं रिंगण चाललंय, आतलं अजून नाही.

दहा घरांची पट्टी स्वयंपाकघराच्या दारापासून देवघरापर्यंत आखली. "एक, दोन" म्हणायची सवय मोडणं खरंच अवघड आहे ताई, मीच दर दोन पावलांना चुकते आणि लेक मला सांगते, "सहा म्हण आई, सहा." परवा ती आठवर उभी होती आणि म्हणाली, "मला दोन पाहिजेत." फासा टाकायच्या आधी म्हणाली. मी पोळी लाटता लाटता थांबले.

पुतण्याची एक अडचण होती. त्याला नुकतं वाचता यायला लागलंय आणि ही सगळी 'बारक्यांची' खेळणी वाटत होती. जाऊबाईंनी युक्ती केली, त्याला गव्याच्या खेळाचा पट आणि फासा बनवायचं काम दिलं. त्यानं फाशावर गवा काढला तो आमच्या गल्लीतल्या म्हशीसारखा दिसतो, पण शिंगं मात्र नीट आत वळलेली. पायवाट सात घरांवरून आता पाचवर आलीय.

आणि काल जे झालं ते सांगायलाच खरं तर आले. गडहिंग्लजहून नणंदबाई आल्यात, त्यांचा मुलगा साडेतीन वर्षांचा. मी भाजी निवडत होते, बाहेरच्या खोलीत मोठं कुणी नव्हतं. लेकीनं आपणहून कपाटातून डबा काढला, ऊस, मिरच्या, मका, वांगी चार ओळींत मांडली, गवा पायवाटेच्या टोकाला ठेवला आणि त्याला सांगायला लागली. मी दाराआडून ऐकत होते. "हे बघ, हा टाकायचा. मिरची आली तर मिरची घ्यायची. गाडी आली तर कायबी घ्यायचं, तुला पाहिजे ते. आणि हा आला ना, तर हा एक पाय पुढं येतो. घाबरायचं नाही. मी पण तुझ्याकडंच आहे."

त्यानं फासा टाकला, वांगं आलं. त्यानं वांगं उचललं आणि तिच्याकडं बघितलं. तिनं पीक टाकायच्या सुपाकडं बोट दाखवलं.